अर्ध्या तासाची वकीलबाई

थोरल्या घरमालकांनी मागची खोली आम्हाला दिली, तेव्हा माझी लेक रांगत होती. "वहिनी, पडूनच आहे, वापरा," एवढंच म्हणाले. कागद कोण करतो? तेव्हा माणसं शब्दाला जागायची. आता ते नाहीत, आणि त्यांच्या मुलाची नोटीस आली: करारात दोनच खोल्या आहेत, तिसरी महिनाअखेर रिकामी करा.

तिसरीत माझी धाकटी बहीण राहते. गुडघ्यांनी अधू, माझ्याशिवाय कुणी नाही. खोली गेली की तिची रवानगी वृद्धाश्रमात.

म्हणून वकीलबाई गाठल्या. त्यांची फी अर्ध्या तासावर. मी मुळापासून सांगायला बसले. मालकीणबाईंचा स्वभाव, जिन्याचा जुना लाकडी कठडा, दोघींनी मिळून वाळवलेल्या गाद्या. लेक कोपराने ढोसत होती.

"आई, मुद्द्यावर ये. मीटर पडतंय."

"बोलू द्या त्यांना," वकीलबाई गोड हसून म्हणाल्या. त्यांचं काय जातंय!

बिल आलं. बोलण्याचे वेगळे, नोटीस वाचण्याचे वेगळे, उत्तराच्या मसुद्याचे आणखी वेगळे. एवढे कसे झाले म्हणून मी फोन केला, तर पुढच्या बिलात तो फोनही होता. कोर्टात गेलंच, तर दर तारखेचे निराळे. लेकीने बेरीज केली: दोन वर्षांचं भाडं, आणि निकालाची खात्री नाहीच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

दुसऱ्या दिवशी मालकाचा मुलगा जिन्यात भेटला. खाली मान घालून निसटत होता. मी वाट अडवली.

"काकू, तुमच्याशी बोलायचं नाही, असं वकिलाने सांगितलंय."

"हे सांगायचे किती घेतले त्याने?"

तो पायरीवर बसलाच. आकडा सांगितला. माझ्यापेक्षा जास्त होता. घटकाभर बरं वाटलं.

"खोली कशाला हवी तुला?"

"खोली नको हो. भाडं वाढवून हवं होतं. वकील म्हणाला, आधी नोटीस देऊ, मग त्या आपोआप येतील."

"मेल्या, वर येऊन सांगायला तोंड नव्हतं?"

"तुम्ही बाबांपासून सुरुवात करता. मग माझ्याच्याने भाड्याचं बोलवत नाही."

त्याने वाढीव भाडं सांगितलं.

"यात निम्मं तुझ्या वकिलाचं दिसतंय!"

"मग मी कुठून भरू?"

"आणि माझ्या वकीलबाईंचं कोण भरणार?"

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी त्याने मागितलेल्या वाढीच्या निम्म्यावर आलो. आणि या वेळी करारात तिन्ही खोल्या लिहायच्या, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पहिल्याच दिवशी तो दोन मजले चढून आला असता, तर मी एवढे मुकाट्याने दिले असते. आता तेही द्यायचे आणि वकीलबाईंचेही.

घरात शिरले, तर तिसऱ्या खोलीच्या दारामागून बहिणीचा आवाज आला. "ताई, मी राहू ना गं?"

"राहा!" मी ओरडले.

तिला वाटलं असणार, मी तिच्यावरच चिडले. मग आत गेले आणि तिचे पाय चेपत बसले.