पाठीवरचे बाण

"हालू नका. बाण वाकडा आला."

"गुदगुल्या होऊन राह्यल्या, छाया!"

"त्रेचाळीस वर्साचे झाले तुमी. आता कायच्या गुदगुल्या?"

शुक्रवारची दुपार होती. आमचे हे माझ्या कापड बेतायच्या टेबलावर पालथे पडले होते आणि मी शिवणाच्या खडूने त्यांच्या पाठीवर बाण काढत होते. दार आतून लावलेलं. शेजारची गीताबाई ब्लाउज न्यायला आली, दोनदा कडी वाजवून गेली, पण मी हूं की चूं केलं नाही. भरदुपारी दार लावून नवरा-बायको काय करतात, याचा तिला जो विचार करायचा तो तिने केला असेल. खरं सांगितलं असतं तर तिचा विश्वासच बसला नसता.

आमचे हे, म्हणजे पंजाबराव, नांदुऱ्याच्या धान्य मार्केटात हमाल आहेत. बावीस वर्षं गोण्या वाहतात. संध्याकाळी घरी येऊन चहा घेतला की सरळ व्यायामशाळा. तिथली वजनं गंजलेली, आरशाला तडा गेलेला, पण ह्यांचा नेम चुकला नाही. आमचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा हे तिथेच होते, त्यावरून माझं आणि सासूबाईंचं आयुष्यात एकदाच एकमत झालं. दारू नाही, तंबाखू नाही. असला तर एवढाच एक नाद, की एकदा तरी 'जिल्हा श्री' ह्या शरीरसौष्ठव स्पर्धेच्या स्टेजवर आपलं नाव पुकारलं जावं. चाळिशी उलटली तेव्हा मी म्हटलं, सुटलो. तर चिखलीच्या स्पर्धेत चाळीस वर्षांवरच्यांचा वेगळा गट निघाला.

पण एक अडचण होती. देवाने ह्यांना अंग दिलं तसे केसही दिले, आणि दोन्ही देताना हात आखडला नाही. छातीवर, पोटावर, खांद्यांवर, पाठीवर, सगळीकडे. त्या स्पर्धेत स्नायूची रेघ न रेघ दिसावी लागते. त्यासाठी सगळ्या अंगावरचे केस काढायचे आणि वरून तपकिरी रंग फासायचा, अशी रीत आहे.

मागच्या वर्षी ह्यांनी कोणाला विचारलं नाही. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मोरीत बसून साबणाचा फेस केला आणि जुन्याच रेझरने सगळं अंग भादरलं. गुळगुळीत व्हावं म्हणून खालून वर, उलटं. पाठ व्यायामशाळेतल्या एका दोस्ताने केली, तीही तशीच. एवढ्यावर भागलं असतं. पण सकाळी मार्केटात ट्रक लागला, मुकादमाचा निरोप आला, आणि हे गेले. ताज्या भादरलेल्या उघड्या पाठीवर शंभर गोण्यांचा ताग घासला. वर घाम, वर धूळ. दुपारी चिखलीला पोहोचेपर्यंत पाठीवर लाल चट्टे उठले होते, खांद्यावर केसतुडं फुगली होती, आणि त्यावर रंग लावला तेव्हा हे पडद्यामागे अक्षरशः ओरडले.

स्टेजवर आल्यावर माइकवरून सांगितलं, "चार नंबर, तुम्ही जरा मागे उभे राहा." मागून कोणीतरी बोंबललं, "याले खरूज झाली काय बे?" सगळा हॉल हसला. माझ्या शेजारी आमची प्रतीक्षा बसली होती, तेव्हा अकरावीत. ती उठून बाहेर निघून गेली. घरी येईपर्यंत बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत. मला त्या पोरीचा राग आला नाही, ह्यांचाही नाही. त्या हसणाऱ्यांचा आला, आणि तो वर्षभर गेला नाही.

म्हणून ह्या वर्षी मी ठरवलं, ह्यांच्या अंगाला मीच हात लावणार.

आधी गेले महादेवराव न्हाव्याकडे. त्यांचं दुकान स्टेशनरोडला आहे, आणि त्या दुकानाची पायरी आजवर एकाही बाईने चढली नसेल. मी दारात उभी राहिले तर खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसासकट माझ्याकडे बघत बसलं.

"काय व्हय वहिनी? पंजाब बिमार हाय काय?" महादेवराव म्हणाले.

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. वयामुळे त्यांचा हात लवकर थकतो, म्हणून म्हणाले, "एवढं मोठं अंग माह्याच्यानं होत नाही आता. तुमी शिका. वस्तरा असो का रेझर, पह्यलं केसाले विचारा तू कोनीकडं चालला. त्याच्यासंगं चला. उलटं गेलं का केस कातडीच्या आत तुटते, मंग तो आतल्या आत वाढते आन् फोड येते."

"पन केस कोनीकडं चालला हे कसं कळते?"

"हात फिरवून पाहा. ह्या पंजाबच्या पाठीवर दोन भवरे असतीन, सांगून ठेवतो."

मी पायरीवरच हसले. कारण हे तर मला येत होतं. पंधरा वर्षं मी मखमलीचे ब्लाउज बेतते. मखमलीवरून एका बाजूने हात फिरवला की मऊ लागतं, उलटा फिरवला की खरखरतं. एक बाही सुलटी आणि एक उलटी बेतली गेली तर एकाच ब्लाउजच्या दोन बाह्या दोन रंगांच्या दिसतात. म्हणून आधी हात फिरवायचा, मग खडूने बाण काढायचा, मग कात्री. नवऱ्याची पाठ काय आणि मखमल काय, बेतायची रीत एकच.

महादेवरावांनी केस बारीक करायचं मशीन दिलं आणि सांगितलं की रेझर धरायचा सराव फुग्यावर करा, तेही वस्तरा तसेच शिकले होते. फुग्याला फेस लावायचा आणि तो न फुटता काढायचा. पहिल्या दिवशी माझे सात फुगे फुटले. प्रतीक्षा अभ्यास सोडून बघायला आली. "आई, पप्पा फुटतीन," म्हणाली. आठवडाभराने एकही फुटेना.

तर त्या शुक्रवारी खडूचे बाण काढून झाले. खांद्यावरचे बाहेर, मधले खाली, आणि कमरेच्या वर खरंच दोन भोवरे निघाले, तिथे मी गोल काढले. स्पर्धा रविवारी, म्हणजे कातडीला शांत व्हायला मध्ये अख्खा एक दिवस. मशीनने केस बाण काढायच्या आधीच आखूड केले होते. मग कोमट पाण्यात पिळलेलं फडकं पाठीवर ठेवलं, तेही घाई न करता, कारण मऊ झालेला केस ओढत नाही. अंगणातल्या कोरफडीचा गर एकेका पट्ट्यावर अलगद लावला. साबण नाही, वासाचं काही नाही. नवं ब्लेड. बाणाच्या दिशेने एक ओढ, ब्लेड पाण्यात, परत एक ओढ. दाबायचं नाही, एकाच जागी दोनदा जायचं नाही. बाण पुसले जायच्या आत त्यांच्यामागून जायचं एवढंच काम.

"थोडं राह्यलं तर राहू दे," हे टेबलात तोंड खुपसून म्हणाले.

"राह्यत नाही. मी अस्तरसुद्धा उलटं लावत नाही."

मग छाती-पोटही तसंच. शेवटी गार पाणी, परत कोरफड, आणि जुन्या मलमलच्या साडीची मी शिवलेली ढगळी बंडी. दोन दिवस दुसरं काही अंगाला लागू द्यायचं नाही. मी पाठ बघितली. कुठे एक लाल ठिपका नव्हता. मी लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपल्या नवऱ्याची पाठ पहिल्यांदा पाहत होते म्हणा ना. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी ह्यांना उगाच रागावले की खडू सांडला.

शनिवारी सकाळी सातला दारात मुकादम तुळशीराम. डोक्याला दुपट्टा बांधलेला, तोंडात काडी.

"पंजाब, चाल. मक्याच्या दोन गाड्या लागल्या. मानसं कमी हायेत."

मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ह्या माणसाने बावीस वर्षांत तुळशीरामला नाही म्हटलं नव्हतं. आजारी असताना गेले होते, स्वतःच्या साखरपुड्याच्या दिवशी अर्धी पाळी करून आले होते. आता गेले की संपलं, मागच्या वर्षीसारखंच. मी बोलणार होते, पण म्हटलं, हे माझं बोलायचं नाही.

"मी येत नाही," हे म्हणाले.

"काऊन?"

भादरून घेतलंय म्हणून येत नाही, हे एका हमालाने दुसऱ्या हमालाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तब्येत बरी नाही काय?"

"बरी हाय."

"मंग काऊन नाही?"

ह्यांनी बंडी काढली आणि पाठ फिरवली. तुळशीरामच्या तोंडातली काडी पडली.

"आबाबा! हे काय करून घेतलं बे? बाईमानसावानी!"

"उद्या चिखलीले हाय मी. आज पाठीले गोनी लागली तर सारं अंग फोडायनं उतते. सोमवारी ये म्हन, दोन्ही गाड्या एकटा खाली करतो. पन आज नाही."

"मार्केटचं काम सोडून हे नाटक?"

"नाटकच समज," हे म्हणाले. आवाज चढला नाही, पण खालीही आला नाही. "आज नाही म्हंजे नाही."

तुळशीरामने डोक्याचा दुपट्टा आवळून बांधला. मग म्हणाला, "मंग पह्यला नंबर आन. नाही तर सोमवारी येऊच नोको." आणि गेला. चेष्टेत म्हणाला की खरं, ते आम्हाला कळलं नाही. हे बंडी घालून ओट्यावर बसले. मी चहा दिला तर म्हणाले, "नाही म्हनाले लई जोर लागते, छाया. दोन क्विंटल परवडले."

प्रतीक्षा येणार नव्हती. ऐन वेळी बसमध्ये चढली, ओढणी तोंडावरून घट्ट बांधून. चिखलीच्या हॉलमध्येही सोडली नाही.

चाळीस वर्षांवरच्या गटात सात जण होते. एक जिम चालवणारे, एक पोलीस, एक शाळेतले खेळाचे मास्तर. आमचे हे सहा नंबर. रंग लावताना पडद्यामागून आवाज येतो का म्हणून मी कान लावून होते. काही आला नाही. स्टेजवर आले तेव्हा मी आधी खांदे बघितले. नितळ. छाती बघितली. नितळ. माझा जीव थोडा भांड्यात पडला. समोरून सगळेच चांगले होते, खोटं कशाला बोलू. खेळाच्या मास्तरांचं पोट तर फारच सुरेख होतं.

मग पंचांनी सांगितलं, "पाठ फिरवा."

सातही जणांनी पाठ फिरवली आणि हात वर घेतले. आणि हॉलमध्ये आवाज झाला. टाळ्यांच्या आधी येतो ना, श्वास आत घेतल्याचा, तो. बावीस वर्षांच्या गोण्यांनी ती पाठ घडवली होती. मानेपासून कमरेपर्यंत एकेक पेड वेगळा, एकेक रेघ उजेडात. जिमवाल्याच्या मानेखाली लाल पुरळ होतं, ते त्याच्या रंगातूनही दिसत होतं. बिचारा, त्याला कोणी बाण काढून दिले नसतील. पंचांनी हाताने खूण केली, "सहा नंबर, पुढे या."

पुढे! मागे नाही.

माझ्या शेजारून कानठळ्या बसवणारी शिट्टी आली. बघते तर प्रतीक्षा खुर्चीवर उभी, ओढणी गळ्यात, दोन बोटं तोंडात. माझ्या पोरीला शिट्टी येते हे मला त्या दिवशी कळलं.

"पप्पा! मांगून दाखवा! अजून एकडाव!"

पहिला नंबर सांगितल्यावर निवेदकाने माइक ह्यांच्यापुढे धरला. "सर, जिम कोणती आपली?"

ह्यांनी आधी मागे वळून बघितलं. सर म्हणून कोणी हाक मारल्याची सवय नव्हती. मग म्हणाले, "नांदुऱ्याचं धान्य मार्केट."

लोक हसले, पण हे हसणं निराळं होतं. मी रडत होते आणि तेही मला चाललं.

परत येताना बसमध्ये हे नांदुऱ्यापर्यंत उभे राहिले. सीटला रंग लागेल म्हणून. जागा होती, कंडक्टरने दोनदा सांगितलं, पण नाही.

सोमवारी हे नेहमीच्या वेळी कामावर गेले. पेढे घेऊन मी दहाच्या सुमाराला मार्केटात पोहोचले. मक्याचा ट्रक लागलेला होता. हमालांनी ह्यांना घेरलं होतं, कोणी दंड दाबून बघत होतं, कोणी काय लावलंस म्हणून विचारत होतं. तेवढ्यात तुळशीराम ओरडला, "चाला रे, लागा कामाले," आणि सगळे पांगले.

हे सदरा काढून ट्रकच्या फाळक्याशी वाकून उभे राहिले. वर दोघांनी गोणी उचलली.

"थांबा," तुळशीराम म्हणाला.

त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला, दोनदा झटकला, चार पदरी घडी केली आणि ह्यांच्या पाठीवर पसरला. कडा नीट ओढल्या, दोन्ही खांदे झाकले गेले का ते पाहिलं.

"आता ठेवा," तो म्हणाला. "हळू ठेवा बे."