यादीतून गळलेलं मधलं पान

मी एक जुनं पुस्तक आहे. गोष्टींचं नव्हे, गिटारच्या चौथ्या परीक्षेचं. माझ्या पाठीला दोन पिना आहेत. त्यातली एक आता गंजली आहे.

मित्रांनो, छापखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! चौथ्या परीक्षेच्या तिन्ही रचना माझ्याच पोटात. शिवाय परीक्षेच्या खोलीत झेरॉक्स चालत नाही, मूळ पुस्तकच न्यावं लागतं. म्हणजे एक दिवस मीही त्या खोलीत, परीक्षकांसमोर उघडणार होतो. तेवढी एकच इच्छा घेऊन मी दुकानात बसलो होतो.

मला घेतलं ते औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुणीने. काम आटोपून ती गिटारच्या बाईंकडे शिकायला जायची. माझ्या मधल्या पानावर एक संथ रचना आहे. तिथे बाईंनी पेन्सिलने लिहिलं, ‘घाई नको.’ परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि तिचं पोट एवढं पुढे आलं की गिटार मांडीवर टेकेना.

बाई हसल्या. “अगं, तिथली जागा आता दुसऱ्याने अडवलीय. परीक्षा काय पळून जातेय?”

परीक्षा पळून गेली नाही. बदलली. पण ते कळायला चार वर्षं लागली.

ती चार वर्षं मी कपाटात, इस्त्रीच्या खोक्याखाली काढली. मग एका दुपारी तिने मला ओढून काढलं, पदराने पुसलं. तिची मुलगी गुंडी झोपायला तयार नव्हती. तिने मधलं पान वाजवलं, आणि चौथ्या ओळीला गुंडी गाढ! तेव्हापासून रोज दुपारी आमचा तासभर ठरलेला. गुंडीने एकदा माझ्या समासात हिरव्या खडूने लांबलचक साप काढला. मला राग आला नाही. कपाटात कोणी साप काढत नाही.

चार महिने असे गेले. तिने परीक्षेचा अर्ज भरला आणि मला घेऊन बाईंकडे गेली. बाईंनी माझं मुखपृष्ठ उलटून वर्ष पाहिलं.

“हे काय आणलंस? परीक्षेच्या रचनांची यादी बदलली गं. तुझ्या तिन्ही रचना गेल्या.”

“तिन्ही? बाई, चार महिने मी हेच घासतेय!”

“मला आधी विचारायचं होतंस. मागच्या सत्रापर्यंत जुनं चालत होतं.”

“एक तरी? हे मधलं?”

“एक आपल्या आवडीचं घेता येतं आता. पण चौथीच्या तोडीचं हवं. हे त्यांनी तिसरीत ढकललंय.”

ती माझा दुमडलेला कोपरा तेवढा अंगठ्याने सरळ करत राहिली. सात आठवडे उरले होते.

नवं पुस्तक आलं. चकचकीत, डिंकाने चिकटवलेलं. धड उघडं राहीना, म्हणून तिने त्याला कपड्यांचे चिमटे लावले. पण दुपारी गुंडी हटून बसायची, “हे नको. सापवालं!” मग आधी मी गुंडीला झोपवायचो आणि उरलेल्या वेळात त्या नव्याचा सराव व्हायचा.

परीक्षेच्या दिवशी गुंडीने मला स्वतःच्या पिशवीत कोंबलं. तिची आई आत गेली, नवं पुस्तक आत गेलं. आम्ही बाहेर बाकावर, गुंडीच्या बाबांशेजारी. मित्रांनो, त्या दारात आणि माझ्यात फक्त चार पावलं होती. मी तीन परक्या रचना ऐकल्या. त्या सुंदर होत्या, हे मला कबूल केलंच पाहिजे.

ती बाहेर आली.

“कसं झालं?” बाबांनी विचारलं.

“दुसऱ्यात अडखळले. झालं एकदाचं.”

गुंडीची झोपेची वेळ टळली होती. तिने भोकाड पसरलं, “सापवालं वाज-व!” शेवटी तिची आई गिटार घेऊन तिथेच बाकावर बसली. बाबांनी मला समोर धरलं. मी आपणहून मधल्या पानावर उघडलो.

ती वाजवू लागली. परीक्षकांनी दार उघडलं. हातात रिकामा कप. ते तिथेच थांबले, मग वाकून माझ्याकडे पाहू लागले.

“हा साप अभ्यासक्रमात कधी आला?” त्यांनी हळूच विचारलं.

“श्श!” बाबा म्हणाले. “झोपतेय ती.”

परीक्षक शेवटच्या स्वरापर्यंत कप धरून उभे राहिले. “याला आता गुण नाहीत हं,” ते म्हणाले. “पण घाई नाही केलीत.”

महिन्याभराने निकाल आला. ती पास झाली. प्रमाणपत्र तिने माझ्या मधल्या पानात ठेवलं आहे. त्यावर तीन रचनांची नावं आहेत, माझं एकही नाही. ती खोली मी अजून पाहिलेली नाही, आणि आता पाहणारही नाही. दुपार झाली की मात्र मला वाटतं, कुणीतरी हाक मारेल.

मित्रांनो, यादी बदलली म्हणून तुमच्या घरचं जुनं पुस्तक लगेच रद्दीत टाकू नका. आधी ते तळहातावर ठेवा आणि सैल सोडा. कोणत्या पानावर ते आपणहून उघडतं, तेवढं बघा.