पाटीखालची पाटी

शिडीवर उभा राहून पेंटर ‘स्टील भांडार’मधल्या ‘भां’वर अनुस्वार ठेवत होता, तेवढ्यात शर्टाच्या खिशात फोन थरथरला. त्याने आधी अनुस्वार पुरा केला. अर्धवट टिंब सोडून फोन बघणाऱ्यातला तो नव्हता.

मुलीच्या कार्डाचा मेसेज असणार, हे त्याला माहीत होतं. मुलगी दूरच्या शहरात शिकत होती. लहानपणी कायम साखरेच्या डब्यापाशी सापडायची म्हणून तिचं नाव मुंगी पडलं, आणि वीस वर्षांची झाली तरी घरात तेच चाललं होतं. बँकेतलं खातं ती शाळेत असताना उघडलेलं, त्यामुळे त्यावर मोबाइल नंबर बापाचा. मुंगी तिकडे कार्ड घासायची आणि इकडे बापाच्या खिशात थरथर व्हायची. कॉलेज कँटीन म्हणजे जेवली. झेरॉक्स म्हणजे अभ्यास चालू आहे. मेडिकल आलं की नवरा-बायको दोघं मिळून एक दिवस काळजी करायचे आणि मग आडून आडून विचारायचे, “सर्दीबिर्दी नाही ना गं?”

दुपारी डबा उघडायच्या आधी बायकोचा फोन ठरलेला. “अहो, आला का मेसेज?”

“आला. जेवली.”

मग बायकोही जेवायला बसायची. मुंगीला यातलं काही ठाऊक नव्हतं. म्हणजे खातं उघडताना सांगितलं होतं, पण शाळेतल्या मुलीच्या लक्षात असल्या गोष्टी कशाला राहतात?

पेंटरने बोटं फडक्याला पुसली आणि मेसेज वाचला. रक्कम बरीच मोठी होती. पुढे नाव होतं, सिल्व्हर पाम गेस्ट हाउस.

त्याने पुन्हा वाचलं. मग पाटी तशीच अर्धवट सोडून शिडीवरून खाली उतरला.

“काय झालं हो पेंटर?” दुकानदाराने विचारलं.

“काही नाही. ऊन लागलं जरा.”

खरं तर आभाळ भरून आलेलं होतं. दुकानदाराने वर बघितलं आणि सभ्य माणूस असल्यामुळे काही बोलला नाही.

बायकोचा फोन आला तेव्हा पेंटर म्हणाला, “जेवली.” आणि स्वतःचा डबा तसाच घरी नेला.

डोक्यात किडा शिरला होता. मुंगी वसतिगृहात राहते, तिला गेस्ट हाउस कशाला लागतंय? कोणी पाहुणं आलं असेल. कुठलं पाहुणं? आपल्याला न कळता तिला पाहुणे कुठून येणार? मैत्रिणीचा वाढदिवस असेल. गेस्ट हाउसमध्ये? तो स्वतःलाच प्रश्न विचारायचा आणि स्वतःच उत्तर खोडून काढायचा. दोन दिवस त्याने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, पुन्हा तेच नाव आलं. या वेळी रक्कम दुप्पट.

बायको शेजारी गेली आहे असं बघून त्याने मुंगीला फोन लावला.

“दुपारी कुठे होतीस गं?”

“लायब्ररीत. का हो बाबा?”

“सहज.”

“रविवारी जरा निवांत वाचता येतं.”

“वाच, वाच,” असं म्हणून त्याने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा आपली मुलगी आपल्याशी खोटं बोलली, एवढंच त्याच्या कानात घुमत राहिलं. त्याला भयंकर राग आला. रागाच्या खाली भीती होती आणि ती रागापेक्षा मोठी होती, पण भीतीचं काय करायचं हे त्याला कळेना. रागाचं मात्र करता येण्यासारखं होतं. त्याने बँकेच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडच्या गोड आवाजाने मुंगीची जन्मतारीख विचारली, ती त्याला झोपेतही सांगता आली असती. कार्ड बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुंगीचा फोन. “बाबा, कार्ड चालेना. परीक्षेची फी भरायची आज शेवटची तारीख आहे. मी खिडकीपाशीच उभी आहे. मागे केवढी रांग आहे!”

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. फीचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“बँकेचा काहीतरी घोळ असेल,” तो म्हणाला. “मी पैसे घेऊन येतो. अस्सा निघतो. खिडकी किती वाजता बंद होते?”

“चार. पण बाबा, एवढ्या लांब तुम्ही...”

“येतो म्हटलं ना!”

बायकोला त्याने फीचं तेवढं सांगितलं. तिने पिशवीत चार खाण्याच्या वस्तू कोंबल्या आणि म्हणाली, “तोंड का असं झालंय तुमचं? कार्डच बंद पडलंय ना?” त्यावर पेंटरने चप्पल शोधायला सुरुवात केली. ती पायातच होती.

बस शहरात पोचली तेव्हा तीन वाजायला आले होते. कॉलेज समोर दिसत होतं. सरळ आत जायचं, पैसे द्यायचे, एवढंच काम. पण पेंटर फाटकाबाहेर फळं विकणाऱ्या बाईपाशी थांबला आणि इकडेतिकडे बघत त्याने विचारलं, “सिल्व्हर पाम गेस्ट हाउस कुठे आलं?”

या वयाच्या माणसाने असं विचारल्यावर बाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “त्या गल्लीत होतं बुवा. शेवटची इमारत.”

शेवटच्या इमारतीवर गेस्ट हाउसची पाटी नव्हती. निळ्या रंगावर पांढरं लिहिलं होतं, ‘नवी नजर चष्मेघर’. पेंटर चुकलो म्हणून मागे वळला आणि सवयीने त्याने पाटीकडे पुन्हा एकदा पाहिलं. ऊन तिरपं पडलं होतं. निळ्या रंगाखालून जुन्या अक्षरांच्या कडा वर आल्या होत्या. आधी ‘ग’ दिसला. मग ‘स्ट’. मग पुढचा ‘हा’. जुना रंग न घासता कोणीतरी वरून नुसता एक हात मारला होता.

तो आत गेला. काउंटरमागे चष्मेवाला काच पुसत बसला होता.

“पाटी कोणी केली ही?”

“का? वाईट झाली का?”

“खालचं दिसतंय.”

“स्वस्तातला पेंटर होता,” चष्मेवाला हसला. “वर पूर्वी माझंच गेस्ट हाउस होतं. चालेना, बंद केलं. पाटी तरी बदलली, कार्डाचं मशीन अजून त्याच नावावर आहे. बँकेला कागद द्यायचेत, आज देतो, उद्या देतो. आता लोक चष्मा नेतात आणि मेसेज येतो गेस्ट हाउसचा. परवा एका गृहस्थाची बायको इथे भांडायला आली. शेवटी त्याच्या नाकावरचा चष्मा दाखवून घरी पाठवली.”

पेंटरही हसला.

“एक मुलगी आली होती का? उंच, बोलते भरभर. आधी थोडे पैसे दिले असतील.”

“आगाऊ दिले, काल बाकीचे देऊन चष्मा घेऊन गेली. बराच नंबर निघाला. डोकं दुखायचं म्हणे तिचं. तुम्ही कोण?”

“कोणी नाही,” पेंटर म्हणाला आणि पळतच सुटला.

मुंगी फीच्या खिडकीजवळच्या बाकावर बसली होती. काळ्या फ्रेमचा चष्मा तिला छान दिसत होता. त्याने पैसे पुढे केले, तिने भरले, पावती घेतली. चाराला अजून थोडा अवकाश होता. पेंटरच्या जिवात जीव आला.

“कधी लागला चष्मा?” त्याने अगदी सहज विचारल्यासारखं केलं.

“आता लागला. सांगितलं असतं तर आई रडत बसली असती. म्हणून काल लायब्ररी म्हटलं.” तिने पावतीची घडी घातली, उलगडली. “मी मघाशी बँकेत गेले होते, बाबा. घोळबिळ काही नाही. कार्ड तुमच्या नंबरवरून बंद केलंय.”

“हो.”

“का?”

‘गेस्ट हाउस’ हे दोन शब्द मुलीसमोर उच्चारायची त्याची हिंमत होईना. “मेसेज माझ्याकडे येतात. दुकानाचं नाव वाचलं मी,” तो म्हणाला.

मुंगीने फोन काढून बँकेची नोंद उघडली. ती वाचत असताना पेंटर तिच्या तोंडाकडे बघत होता. नाव सापडलं तो क्षण त्याला कळला.

“मग मला विचारलं का नाही?”

“विचारलं होतं. कुठे होतीस म्हणून.”

“ते विचारणं नव्हतं, बाबा.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीतला खाऊ घेतला, त्याला बसपर्यंत सोडायला आली, खिडकीजवळची जागा धरून दिली. “आईला चष्म्याचं तुम्हीच सांगा, हळूच,” म्हणाली. बस सुटली तेव्हा हातही हलवला.

पुढच्या आठवड्यात पेंटर एका केशकर्तनालयाची जुनी पाटी घासत होता. मालक म्हणत होता, “कशाला एवढं घासताय? वरून मारा की.” पेंटर ऐकत नव्हता. पत्रा उघडा पडेपर्यंत घासायचं असं त्याने ठरवलं होतं. खिशात फोन थरथरला. त्याने घाईने काढला.

आपला मोबाइल क्रमांक या खात्यावरून काढण्यात आला आहे.

तो ते वाचत उभा राहिला. मग फोन खिशात ठेवून पुन्हा घासायला लागला. नवं कार्ड मिळालं असेल. नंबर आता तिचा स्वतःचा. बरोबरच आहे, तो स्वतःला म्हणाला, वीस वर्षांची आहे ती. तरी हात थांबवून त्याने दोनदा खिसा चाचपला.

दुपारी बायकोचा फोन आला. “अहो, आला का मेसेज?”

पेंटरने डब्याचं झाकण उघडलं.

“आला,” तो म्हणाला. “कॉलेज कँटीन. जेवली.”

“बरं,” बायको म्हणाली. “मग मीही बसते.”