किशरेतच्या वाकड्या भिंती

एमोकेने सहाव्यांदा बटण दाबलं आणि गार झालेली कॉफी तशीच घशाखाली ढकलली. सेगेदच्या कचेरीतल्या प्रोग्रॅममधून नकाशा बाहेर पडून बुडापेस्टच्या बांधकाम कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये शिरायचा होता, एवढंच काम. पण पाच वेळा तो परत आला होता. कधी दारं गायब, कधी भिंतींच्या नुसत्या सुट्या रेघा. आज दुपारी बारापर्यंत तो स्वच्छ गेला नाही, तर किशरेत गावच्या जुन्या शाळेची बालवाडी करायचं काम कंपनी दुसऱ्या कोणाला तरी देणार होती. या दोन माणसांच्या कचेरीत दुसरं नवं काम नव्हतं.

फोन वाजला. कंपनीचा तपासनीस, बेर्तालान.

"मॅडम, दारं आली. पण चौऱ्याऐंशी चुका दाखवतोय. तुमचे कोपरे काटकोनात नाहीत हो. कुठे अर्धा अंश, कुठे पाव. आमच्याकडे असं चालत नाही."

"करते सरळ," एमोके म्हणाली. हे वाक्य ती अकरा वर्षं म्हणत होती.

समोरच्या टेबलाशी कचेरीचे मालक ओदोनकाका पोगाचा, म्हणजे खारा बन, खात बसले होते. शर्टावर चुरा सांडला होता. वय एकाहत्तर, कंबर पार गेलेली, सोमवारी ऑपरेशन. जुनी इमारत हातात आली की ते स्वतः फीत धरून मोजायचे, वहीत उतरवायचे आणि वहीतलं जसंच्या तसं नकाशात काढायचे. मग ते पाहून समोरचे प्रोग्रॅम रुसायचे आणि निस्तरायला एमोके.

"काका, तुमच्या हाताला सरळ रेघ कधी जमणार?"

"जमली असती तर तुला कशाला ठेवली असती?"

"आणि शनिवारी तिसा नदीवर जाऊन बसता ते? अकरा वर्षांत कचेरीत एक मासा दिसला नाही."

"मासे हुशार झालेत, पोरी," काका म्हणाले आणि टेबलाखालची मासेमारीची हिरवी पिशवी पायाने आणखी आत सरकवली.

प्रोग्रॅममध्ये नकाशाच्या सफाईची एक आज्ञा होती. काटकोनाच्या आसपासचा प्रत्येक कोपरा ती काटकोनात बसवायची. एमोकेने ती चालवली, नकाशा पाठवला आणि डोळे मिटून बसली. अकराला उत्तर आलं : 'चुका शून्य. पास.' तिला आनंदबिनंद काही झाला नाही. टेबलावर डोकं टेकून झोपावंसं मात्र वाटलं.

काका काठी घेऊन पाव आणायला खाली गेले. त्यांचा मोबाइल टेबलावरच राहिला आणि पाचच मिनिटांत वाजायला लागला. तिने उचलला, पण तिला बोलायला उसंतच मिळाली नाही.

"काका, मी रेझो गवंडी. परत तेच बघा! दवाखान्याचं कपाट बसत नाही. नकाशात भिंत सरळ, इथे चार सेंटिमीटर फिरलेली. शनिवारी या, नेहमीसारखे."

"नेहमीसारखे म्हणजे?"



"एमोकेबाई? अरे देवा. मी काही बोललो नाही हां."

"बोललात. आता पूर्ण बोला."

रेझोने आढेवेढे घेतले, मग सांगितलं. जुनी इमारत असली की काका शनिवारी येतात. वहीतली खरी मापं बघून जमिनीवर खडूने रेघा मारून देतात. गवंडी नकाशा गुंडाळून ठेवतात आणि त्या रेघांवर काम करतात.

"म्हणाले, कचेरीत कळवू नका. पोरगी आधीच दमलेली असते."

एमोकेने फोन ठेवला. हिरवी पिशवी ओढून उघडली. आत ना गळ, ना दोरी. फीत, खडू, ओळंबा आणि कडा झिजलेली वही. दर सोमवारी काका लंगडत यायचे, तेव्हा ती म्हणायची, नदीकाठच्या ओलीत कशाला बसता? तिला लाज वाटली, इतकी की डोळे भरून आले. मग काकांचा रागही आला. एकदा तोंड उघडून सांगायला काय झालं होतं?

तिने सफाईच्या आधीची प्रत उघडली. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं : 'भिंती वाकड्या आहेत. मोजलेल्या आहेत. सरळ करू नयेत.'

काका पाव घेऊन दारात आले. आधी त्यांना तिच्या टेबलावरची पिशवी दिसली, मग कॉम्प्युटरचा पडदा.

"ते पास झालं होतं ना?"

"झालं होतं."

"मग?"

"किशरेतला शनिवारी कोण जाणार होतं? ही कंबर घेऊन?"

तिने नकाशा पाठवला. बाराला वीस मिनिटं होती. तिसऱ्या मिनिटाला बेर्तालानचा फोन आला.

"मॅडम, पुन्हा चौऱ्याऐंशी! मघाशी सगळं ठीक होतं की!"

"मघाचा नकाशा चुकीचा होता. मीच बिघडवला. शाळेच्या भिंती वाकड्या आहेत, हा नकाशा बरोबर आहे. विश्वास नसेल तर शनिवारी दुपारी किशरेतला या, फीत धरून दाखवते. सकाळी मी दवाखान्याच्या कामावर असेन."

"अहो, बाराला मला वरती कळवायचंय. हा पास नाही करता येणार."

"मग तसं कळवा."

तिने फोन ठेवला. काका खुर्चीत सावकाश बसले. पावाची पिशवी त्यांच्या मांडीवरच होती. मग उरलेला पोगाचा मोडून अर्धा त्यांनी तिच्यापुढे सरकवला.

"रेझो कॉफीत तीन चमचे साखर घालतो," ते म्हणाले. "गेल्या गेल्या सांग त्याला, तुझ्यात कमी घाल म्हणून."