वाया गेलेला फोटो

घरात कॅमेरे दोन होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. बायकोचा कॅमेरा घर चालवायचा, नवऱ्याचा नुसत्याच नव्या नव्या लेन्स मागायचा. बायकोचा चौकाच्या कोपऱ्यावर स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या वर्गांचे फोटो, ऑफिसातले निरोपसमारंभ, आणि काम नसलं की कुणाच्या तरी जाहिरातीसाठी मिक्सर आणि इस्त्र्या. नवरा लिफ्ट तपासणाऱ्या खात्यात होता. आठवडाभर इमारतींच्या गच्च्यांवर चढून लिफ्टची यंत्रं तपासायची आणि सुटीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून निघायचं. काढून काय आणायचा? डबक्यातलं आभाळ, गंजलेलं कुलूप, जिन्याच्या कठड्याची सावली. एकदा एका बंद दुकानाच्या शटरचे इतके फोटो काढून आणले की बायको म्हणाली, "मालकाला दाखवा, निदान रंग तरी लावून घेईल."

ती त्याला 'हौशी' म्हणायची. आधी चिडवायला म्हणून, मग सवयीने. पुढे पुढे तिच्या माहेरचेही त्याला हौशीच म्हणू लागले आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं. तिला स्वतःला माहेरचे अजून छोटी म्हणत. पन्नाशी आली, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, तरी छोटी ती छोटीच.

छोटीचा हात कामात पक्का होता. ग्रुप फोटोत सगळ्यांचे डोळे एकाच वेळी उघडे आहेत, ही गोष्ट तिने उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. कुणीतरी डोळे मिटणारच, कुणीतरी शेजाऱ्याशी बोलणारच, एखादा ऐन वेळी नाक खाजवणार. म्हणून ती एकाच्या जागी चार-पाच फोटो काढायची, त्यातला बरा निवडायची आणि कॉम्प्युटरवर बसून मिटलेल्या डोळ्यांच्या जागी दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवायची. कधी डोळे, कधी अख्खं डोकं. शाळेच्या मुख्याध्यापकांची मान तर ती दर वर्षी बदलायची आणि ते दर वर्षी म्हणायचे, "बाई, माझा फोटो तुमच्याकडेच चांगला येतो." गिऱ्हाइकाला फोटो दिला की बाकीचे सगळे ती पुसून टाकायची. ठेवून करायचं काय? डिस्क भरते, आणि उद्या दुसऱ्याच्या लग्नात तिसऱ्याचं मुंडकं निघतं.

हौशी मात्र काही म्हणजे काही पुसत नसे. हललेला, काळा पडलेला, चुकून स्वतःच्याच बुटाचा निघालेला, सगळे फोटो जपून ठेवलेले.

"तू फोटो काढत नाहीस, शिवतेस," तो तिला म्हणायचा.

"शिवते. त्या शिवणावर तुमच्या दोन लेन्स आल्यात, विसरू नका."

"तसं नाही गं. तुला गिऱ्हाईक आहे, म्हणून तुला चुका ठेवता येत नाहीत. मला कोण विचारतो? मग मी कशाला पुसू?"

यावर छोटी नाक मुरडायची. तिला मनापासून वाटायचं, की ज्याला गिऱ्हाइकाला काही करून द्यायचं नसतं त्यानेच असल्या गप्पा माराव्यात.

आई त्यांच्याकडेच राहायची. दादा, म्हणजे छोटीचा थोरला भाऊ, दूरच्या शहरात. वडील दवाखान्यात होते तेव्हा तो आज निघतो, उद्या निघतो करत राहिला आणि पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. आई दारातच त्याला म्हणाली, "आता कशाला आलास?" दुःखात बोलली, पण बोलली. दादाने ते मनाला लावून घेतलं. तो उलट्या पावली गेला आणि नंतर फोन करायचा तो फक्त बहिणीला. आई नुसती विचारायची, "कुणाचा होता?" छोटी म्हणायची, "दादाचा." आई म्हणायची, "बरं." दोघंही हट्टी. एकाने शब्द मागे घ्यायचा नाही आणि दुसऱ्याने विसरायचा नाही, असं वर्षानुवर्षं चाललं आणि मधल्या मधे छोटीची फरफट झाली.

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला छोटीने हॉल घेतला आणि दादाला फोनवर सुनावलं, "आलास तर ये, नाहीतर मलाही फोन करू नकोस." वहिनीने त्याची बॅग भरली आणि तीही सोबत निघाली. तो आला. आईसमोर उभा राहून म्हणाला, "कशी आहेस?"

आई मान वर न करताच म्हणाली, "बरी आहे. जेवून जा."

संपलं. एवढ्यासाठी माणूस रात्रभर प्रवास करून आला होता. त्यानंतर तो हॉलच्या एका टोकाला आणि आई दुसऱ्या टोकाला.

जेवणं झाल्यावर छोटीने ग्रुप फोटोसाठी सगळ्यांना उभं केलं. आईला मधे खुर्चीवर बसवलं आणि दादाला मुद्दाम तिच्या मागे उभं केलं, हात खुर्चीच्या पाठीवर. निदान फोटोत तरी दोघं जवळ दिसतील, एवढाच तिचा हिशेब. हौशी कोपऱ्यात खुर्च्यांच्या पायांचे फोटो काढत होता. तिने त्याला दंडाला धरून ओळीत आणलं आणि गळ्यातला कॅमेरा काढून टेबलावर ठेवायला लावला.

"फोटोत कॅमेरा दिसला की घाण दिसतं," ती म्हणाली.

"मग तूही ये की ओळीत. बटण मी दाबतो."

"म्हणजे सगळ्यांचे फक्त बूट येतील."

सगळे हसले. मग ती कॅमेऱ्यामागे गेली आणि तिचा आवाज बदलला. "इकडे बघा! कुणी खाली बघायचं नाही. हलू नका. मागची ओळ, पोटं आत!" चार-पाच फोटो काढले, सगळ्यांना मोकळं केलं. दादा आणि वहिनी संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत तिने फोटो उघडले. तिसरा झकास होता. पोरं स्थिर, वहिनी हसरी, हौशीसुद्धा माणसासारखा उभा. फक्त आई हलली होती. 'आईने वाया घालवला,' असं पुटपुटत तिने पहिल्या फोटोतली समोर बघणारी आई उचलून तिसऱ्यात बसवली, खोलीत कुठूनही दिसेल असा मोठा प्रिंट काढला, घरोघरी फ्रेम पाठवल्या आणि बाकीचं पुसून टाकलं. फोटोचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

हिवाळ्यात आई गेली. आधी साधा ताप, मग छातीत कफ, आणि बघता बघता दवाखाना. कळल्याबरोबर दादा निघाला, या वेळी एक मिनिट दवडलं नाही त्याने. तरी तो गाडीतच होता तेव्हा छोटीला त्याला फोन करावा लागला.

सगळं पार पडल्यावर, येणारे-जाणारे थांबल्यावर, एका सकाळी दादा बाहेरच्या खोलीत भिंतीवरच्या त्या फोटोसमोर बसला होता. छोटी चहा घेऊन आली तर त्याचं लक्ष नव्हतं.

"बघ ना," तो म्हणाला, "सगळे कसे हसतायत. आई सरळ समोर बघतेय आणि मी मागे खांबासारखा. मी येताना ठरवून आलो होतो, तिने एकदा नुसतं माझ्याकडे बघितलं ना, तरी तिथेच सगळं बोलून टाकायचं. पण नाही बघितलं. तिने मला माफ केलं नाही, छोटे. आता हे काही बदलत नाही."

छोटीने चहा तसाच खाली ठेवला. कारण आई हलली होती म्हणजे काय झालं होतं, ते तिला तेव्हा लख्ख आठवलं. आईने मान मागे वळवली होती. वर, दादाकडे. आणि नुसती मानच नाही. खुर्चीच्या पाठीवर दादाचा हात होता, त्याच्या शर्टाच्या बाहीवर आईने बोटं ठेवली होती. ती बोटं पुसायलाच तर छोटीला सगळ्यात जास्त वेळ लागला होता. दादाचा शर्ट बारीक चौकडीचा, बोटांखालच्या चौकटी एकेक जुळवून भरताना तिच्या नाकी नऊ आले होते. तासभर ती आईच्या बोटांकडे बघत बसली होती आणि तिला दिसत होत्या त्या नुसत्या चौकटी.

सांगायचं काय? आईने तुझ्याकडे बघितलं होतं आणि मी ते पुसलं? त्यापेक्षा फोटोच त्याच्यापुढे ठेवावा म्हणून ती चप्पल घालून तशीच स्टुडिओत गेली.

फोटो नव्हता. असणार कुठून? सगळ्या डिस्क उघडून पाहिल्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. तो बराच वेळ खटपट करून म्हणाला, "ताई, त्या जागेवर आता इस्त्र्या बसल्यात." छोटीला स्वतःचा इतका राग आला की तिने ड्रॉवर आपटून बंद केला.

मग लग्नानंतर पहिल्यांदाच तिने हौशीला फोन करून म्हटलं, "तुमचे फोटो घेऊन या. सगळे."

तो अर्धी रजा टाकून आला. दोघांनी मिळून त्या दिवसाचे फोटो पाहिले. खुर्च्यांचे पाय. फुग्याची सावली. कुणाच्यातरी बुटाची सुटलेली नाडी. अर्धा पेला पाणी, आठ वेळा. ग्रुप फोटोच्या वेळेचं काहीच नव्हतं.

"तेव्हा कॅमेरा टेबलावर होता," हौशी म्हणाला. कुणी ठेवायला लावला ते तो बोलला नाही, आणि त्यासाठी तिला त्याच्याविषयी फार जिव्हाळा वाटला.

मग तोच म्हणाला, "तू बनवू शकतेस की."

"तुम्ही सांगताय हे?"

"दादासाठी म्हणून सांगतोय. जे झालं होतं तेच परत बनवायचं. खोटं कुठे आहे त्यात?"

तेही खरंच होतं. हौशीकडे आईचे ढीगभर फोटो निघाले, घरातल्या घरात, आईच्या नकळत काढलेले. त्यातल्या एकात आईने मान अगदी तशीच मागे वळवून वर पाहिलं होतं. छोटी कामाला बसली. मान आणली, खांदा आणला, भाजी निवडताना काढलेल्या फोटोतला हात आणला आणि चौकडीच्या बाहीवर बोटं बसवली. दुपार टळेपर्यंत फोटो तयार झाला. इतकं सफाईदार काम तिने मुख्याध्यापकांचंही केलं नव्हतं.

हौशी वाकून बघत राहिला. "हुबेहूब," तो म्हणाला. "काढ प्रिंट."

छोटी बघत राहिली. मग म्हणाली, "हा फोटो तुम्ही कधी काढलात? आईचा?"

"हा ना? खिडकीत कबुतर येऊन बसलं होतं. आई त्याला हाकलायला निघाल्या होत्या."

"तेच. ती दादाकडे बघत नाहीये. कबुतराकडे बघतेय."

"दादाला काय कळणार आहे?"

"दादाला नाही कळणार. पण मी तो चेहरा पाहिलाय हो. असा नव्हता तो."

आजवर हजारो चेहरे तिने इकडचे तिकडे केले होते आणि कुणाचा चेहरा कशासाठी तसा झाला होता, हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं कारणच नव्हतं, तो धंदा होता. आज मात्र तिचा हात बटणावर जाईना. तिने तो फोटो पुसला, कॉम्प्युटर बंद केला आणि हौशीला म्हणाली, "चला घरी. तोंडानेच सांगते."

घरी दादा बॅग भरत होता. छोटी पलंगाच्या कडेवर बसली आणि आडपडदा न ठेवता तिने सगळं सांगितलं. आई वळली होती, तुझ्याकडे बघत होती, मला वाटलं फोटो वाया गेला, मी तिला सरळ केली.

दादा ऐकून घेत होता. घडी केलेला टॉवेल त्याने उलगडला, परत घडी घातली.

"माझं समाधान करायला सांगतेस," तो म्हणाला. "तुझा धंदाच आहे तो. ज्याला जे हवं ते जुळवून द्यायचं."

हे तिला तोंडात मारल्यासारखं लागलं, पण ते तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. "नाही रे दादा. माझ्याकडे दाखवायला काही नाही. बनवून आणता आलं असतं. दुपारी बनवलाही होता. पुसला. तुझी बाही धरली होती तिने. खुर्चीवर हात होता ना तुझा, तिथे. मीच पुसली तिची बोटं, मला माहीत आहे."

दादाचा हात बॅगेच्या चेनवर थांबला.

"डावी बाही?" त्याने विचारलं.

"हो."

तो खाली बसला. त्याने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं आणि मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज छोटीला लहानपणीचा वाटला.

"मला वाटलं, खुर्चीत अडकली. तू ओरडत होतीस ना, इकडे बघा, हलू नका. म्हणून मी खाली बघितलं नाही, छोटे. नुसता हात सोडवून घेतला."