शाफ्ट गार होईपर्यंत

मंद्रूपच्या श्रीदेवीला लेथसमोर उभं राहिलं की जागेपणी स्वप्न पडल्यासारखं व्हायचं. शाफ्ट वेगात फिरू लागला की फिरताना दिसतच नसे. नुसता उजेडाचा एक दांडा हवेत थांबलेला. त्याच्यावरून निळसर, कुरळा कीस सुटायचा आणि ती बघत राहायची.

आयटीआय करून ती सोलापुरात, यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ॲप्रेंटिस लागली, त्याला आठ महिने झाले होते. बहुतेक दिवस कानस घासण्यातच गेले. आज सकाळी मात्र सिद्रामप्पा मेस्त्रींनी, म्हणजे सगळ्यांच्या आण्णांनी, सांगून टाकलं होतं की बेअरिंग घट्ट बसेल असा एक शाफ्ट तिनं एकटीनं करायचा. जमला तर कोपऱ्यातला लेथ तिचा. नाहीतर दिवाळीपर्यंत पुन्हा कानस.

दुपारी शेवटचा काप घेऊन तिनं लगेच मायक्रोमीटर लावला. माप बरोब्बर. शाफ्ट तळहाताला ऊन लागत होता, तेही तिला गोड वाटलं.

चहा पिऊन आल्यावर, निव्वळ आनंदासाठी, तिनं पुन्हा मोजलं. माप उतरलं होतं. केसाचा कितवा तरी भाग. पण बेअरिंग बोटानंच आत सरकलं आणि सैल फिरलं. गरम लोखंड फुगतं, हे तिनं परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

शेजारचा ॲप्रेंटिस बसवेश हसला. हळूच तिच्यापुढं सेंटर पंच, लोखंडावर खूण ठोकायची टोकदार छिन्नी, ठेवत म्हणाला, "चार ठिपके ठोक की. लोखंड वर उचलतंय, बेअरिंग गच्च. ठिपके बेअरिंगखाली झाकत्यात. आण्णा काय काढून बघणार हाय व्हय?"

तिनं पंच टेकवला, हातोडी उचलली. आणि कधी न पाहिलेली यंत्रमागांची एक शेड तिच्या डोळ्यांपुढं आली. माग चालू आहे, चादरीवर मोर उमटतोय, आत हे ठिपके एकेक करून झिजताहेत. मग माग थांबतो. विणकर उकिडवा बसून दोष शोधतो, त्याला तो सापडत नाही. तो शोधतच राहतो.

तिनं हातोडी खाली ठेवली आणि शाफ्ट आण्णांकडं नेला.

"मोजलास कवा?"

"गरम असताना, आण्णा."

"आन् मला कशाला सांगितलंस? बसवेशनं पंच दिलावता की."

बसवेशला एकाएकी झाडू मारायची आठवण झाली. आण्णांनी शाफ्ट भंगारात टाकला, असल्या शाफ्टवर लेथ मिळणार नाही म्हणाले. मग दुसरी सळई तिच्या हातात देत म्हणाले, पाच वाजायला अजून लई वेळ हाय.

या वेळी शेवटचा काप राखून तिनं यंत्र थांबवलं आणि स्टूल ओढून बसली. आण्णाही समोर डब्यावर टेकले. वर पंखा संथ फिरत होता, दारातलं ऊन सरकत होतं. मधूनच ती शाफ्टला हात लावून बघे, ताप उतरणाऱ्या लेकराच्या कपाळाला लावावा तसा. लोखंड आपल्या मूळ मापाकडं हळूहळू परत चाललं होतं, आणि तिला वाटलं, आपणही त्याच्याबरोबर कुठून तरी परततोय.

पूर्ण गार झाल्यावर तिनं मोजलं, हलका काप घेतला, पुन्हा थांबली, पुन्हा मोजलं. बेअरिंग अंगठ्यानं जाईना. लाकडी हातोडीच्या तीन टपल्यांनी बसलं. आण्णांनी ते कानाशी धरून फिरवलं, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"स्टूल तिकडं कोपऱ्यात ठेव," ते म्हणाले. "तुज्या लेथपाशी. रोज बसायला लागंल."