शंभराच्या वर

सेन्सर आधी स्वतःच्या अंगावर लावून बघायचे, मगच प्रयोगातल्या लोकांना द्यायचे, हा एल्साचा शिरस्ता. त्या दिवशीही दोन्ही हातांना सेन्सर चिकटवून ती मॉसन लेक्स उपनगरातल्या आपल्या घरी भांडी घासत होती. स्नायू किती जोर लावतात याचा आलेख फोनमधून थेट युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये जात होता आणि तिची विद्यार्थिनी उर्वी तिथे बसून तो बघत होती. सकाळी लॅबमध्ये एल्साने होती नव्हती ती ताकद लावून मूठ आवळली होती. तो आकडा म्हणजे शंभर. त्याच्या वर काही दिसलं तर सेन्सर सुटला समजायचं आणि तेवढा भाग पुसायचा. नियम तिनेच केलेला.

तिचा नवरा हेन्री दुपारीच घरी आला. तिच्या हातावरचे हिरवे दिवे लुकलुकताना दिसले आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"काय रेकॉर्ड करतेस? कोणाला ऐकवतेस?"

"आवाज नाही जात त्यातून. फक्त स्नायूंचा डेटा."

"म्हणजे मी येडा?"

पहिली थप्पड कानावर बसली. ती तिच्या सवयीची होती. अंग सैल सोडलं की लवकर आटपतं, हेही सवयीचं. पण आज त्याने केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं.

"काढ ते! काढ!"

डाव्या हातावरचा सेन्सर त्याने ओरबाडला, पट्टीबरोबर कातडी सोलून आली. ती कोसळली तसा तो तिच्या छातीवर बसला आणि त्याचे अंगठे तिच्या गळ्यात रुतले.

आज हा थांबणार नाही, हे तिला स्वच्छ कळलं.

तिने त्याची करंगळी उजव्या मुठीत धरली आणि उलटी वळवली. हाड कट्कन मोडलं. तो किंचाळून बाजूला पडला. धडपडत उठताना हाताला लागला तो कुकर तिने फिरवला. जबड्यावर बसला. फरशीवर रक्त आणि दात सांडले. फोन वाजत होता. फोन आणि कुकर घेऊन ती बाथरूममध्ये शिरली, कडी लावली आणि उर्वीचा फोन उचलला.

"एल्साताई, डावा सेन्सर बंद पडलाय आणि उजवा एकशे साठ दाखवतोय. तोही सुटला वाटतं. पुसू ना तेवढं?"

दारावर लाथ बसली.

"पुसू नकोस." तिच्या गळ्यातून फाटका आवाज आला. "उजवा शाबूत आहे. तो माझा जोर आहे. ट्रिपल झीरोला फोन कर, पोलिसांना माझ्या घरी पाठव."

"ताई, काय झा–"

"कर आधी!"

दुसऱ्या लाथेला कडी वाकली, तिसऱ्या लाथेला उखडली. रक्ताळलेलं तोंड घेऊन हेन्री आत वाकला. एल्साने कुकरचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि सकाळी लॅबमध्ये लागला नव्हता एवढा जोर लावला.

पोलीस आले तेव्हा तो दारात आडवा पडून विव्हळत होता. तिच्या उजव्या हातावरचा दिवा अजून लुकलुकत होता. पोलीसबाईने तो काढायला हात पुढे केला.

"थांबा," एल्सा म्हणाली. "आधी डेटा सेव्ह झाला का, ते विचारते."